दुर्लक्षित रॅट स्नेक: ११ जून ते २४ जानेवारी

आधी नावाचा घोळ मिटवू. रॅट स्नेक म्हटलं की मराठी माणसाला धामण आठवते. हा साप धामण नव्हे. हा टेक्सास रॅट स्नेक, उत्तर अमेरिकेतला, बिनविषारी, पिंजऱ्यात जन्मलेला, कुणीतरी पाळलेला आणि नंतर विसरलेला. धामण हा वन्यजीव आहे आणि भारतात ती घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतं. जखमी धामण सापडली तर ती वनविभागाकडेच द्यायची. खाली लिहिलेलं तिच्यावर करून बघू नये.

साप ११ जूनला ताब्यात आला. लांबी १४८ सेंटीमीटर, वजन ३१८ ग्रॅम. या लांबीचा धडधाकट साप याच्या निदान दुप्पट भरतो. सापाचं अंग मधोमध कापलं तर कसं दिसेल, अशी कल्पना करा. नीट खाणाऱ्याचं पावाच्या लादीसारखं दिसेल, तळाशी सपाट आणि वर गोलाई. याचं त्रिकोणी झालेलं. पाठीचा कणा काठीसारखा वर आलेला, दोन्ही बाजूंना कातडीच्या उभ्या चुण्या. डोळे आत गेलेले, त्यावर जुन्या कातेचा पांढुरका थर. शेपटीच्या टोकाला न निघालेल्या कातेची तीन-चार कडी एकावर एक चढून टोक काळं पडलेलं. आणि साप अतिशय शांत. हातात घ्या, ठेवा, उलटा करा, हूं की चूं नाही. देणाऱ्याने हेच कौतुकाने सांगितलं. रॅट स्नेकच्या बाबतीत ही कौतुकाची गोष्ट नाही. ही जात मुळात तापट, शेपटी थरथरवणारी, अंगावर घाण वास सोडणारी. ती गप्प असते तेव्हा तिच्यात जोर उरलेला नसतो.

साप उचलण्याआधी कागद केला. ताबा सोडल्याचं एक पानी पत्र: जात, अंदाजे वय, कुठून आणला, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची कात कधी टाकली, आधी कुठलं औषध दिलं, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. "आठवत नाही" हे उत्तरही तसंच लिहून घ्यायचं, ते डॉक्टरांच्या कामाचं असतं. जिथे असा प्राणी ठेवायला परवाना लागतो तिथे परवाना आपल्या नावावर झाल्याशिवाय साप हलवायचा नाही. अनेक ठिकाणी विनापरवाना नुसती ने-आण हाही वेगळा गुन्हा असतो. त्याच दिवशी तारखेसह फोटो काढले, पेटीचे, सापाचे, पोटाकडचे. पुढे कुणी विचारलं की ही जखम तुमच्याकडे झाली का, तर उत्तर फोटोत असतं.

सोबत आलेली पेटी मात्र पहिल्याच दिवशी टाकून दिली. ६० सेंटीमीटरचं काचेचं टँक, तळाशी देवदाराचा सुगंधी भुसा, खाली थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट, वर चोवीस तास चालू असलेला लाल दिवा, पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत. यातली प्रत्येक गोष्ट सापाच्या अंगावर वाचता येत होती. देवदारातली तेलं सरपटणाऱ्यांच्या फुप्फुसांना आणि यकृताला बाधतात. मोकाट मॅट चाळीस अंशांच्या पुढे सहज जाते आणि ऊब शोधणारा साप तिच्यावरून उठत नाही, भाजला तरी उठत नाही. पोटाच्या आडव्या खवल्यांवर हाताच्या पंजाएवढा लांब तपकिरी डाग होता तो याचाच.

नवी सोय साधी ठेवली. ९० बाय ४५ सेंटीमीटरचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला कड्या, हवेची भोकं आतून बाहेर पाडलेली, म्हणजे खरखरीत कडा आत राहत नाही. तळाला पांढरा टिश्यू पेपर, दुसरं काही नाही. पांढराच हवा, कारण त्यावर सगळं दिसतं: रक्त, माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक जीव), विष्ठेचा रंग. लपायला दोन सारखी खोकी, एक उबेच्या बाजूला, एक थंड बाजूला. एकच खोकं ठेवलं तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं आणि तो नेहमी आडोसा निवडतो, मग गारठून बसतो. हीट मॅट डब्याच्या एक तृतीयांश तळाखाली, थर्मोस्टॅटवर. उबेच्या बाजूला ३० अंश, थंड बाजूला २४, रात्रीही याच्या खाली नाही. निरोगी रॅट स्नेकला रात्री दोन-चार अंश उतरलेले चालतात, आजाऱ्याला नको.

थर्मोस्टॅटच्या सेन्सरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण बहुतेक अपघात इथेच होतात. सेन्सर डब्याच्या आत ठेवला आणि साप त्याला ढकलून थंड बाजूला घेऊन गेला, किंवा त्यावर पाणी सांडलं, की यंत्राला वाटतं गारठा पडलाय आणि मॅट तापतच जाते. म्हणून सेन्सर बाहेर, मॅट आणि डब्याच्या तळाच्या मध्ये. मग आतलं तापमान यंत्रावरच्या आकड्यापेक्षा थोडं कमी भरतं, ते इन्फ्रारेड थर्मामीटरने आत मोजून आकडा जुळवून घ्यायचा. डब्याच्या आत चिकटपट्टी कधीही लावायची नाही. सुटून सापाला चिकटली की खवल्यांसकट निघते. आणि पैसे वाचवायचे असतील तर पेटीवर वाचवा, खोक्यांवर वाचवा, थर्मोस्टॅटवर नको. एकूण खर्चात मोठा वाटा शेवटी डॉक्टर आणि तपासण्यांचाच होता. सापाच्या किमतीशी त्याची तुलना करत बसू नये.

पहिल्या संध्याकाळी खायला काहीही दिलं नाही. इथे मन घट्ट करावं लागतं, कारण समोर हाडांचा सापळा असतो आणि फ्रीझरमध्ये उंदीर असतात. पण कोरड्या पडलेल्या सापाच्या आतड्यात अन्न पचण्याऐवजी कुजतं. शिवाय दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. उपाशी माणसांच्या बाबतीत डॉक्टर ज्याला घाबरतात तेच. म्हणून क्रम ठरलेला: पाणी, ऊब, अंगावरचे परोपजीवी, आणि मग अन्न.

पाणी म्हणजे कोमट पाण्याची बैठक. झाकणाच्या डब्यात २८ ते ३० अंशांचं पाणी, सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंत, वीस मिनिटं, दिवसातून एकदा. तापमान थर्मामीटरने बघायचं, हाताला कोमट लागणारं पाणी सापाला बरेचदा गरम असतं. सोडून जायचं नाही, अशक्त साप चार बोटं पाण्यातही बुडतो. पहिल्या दिवशी सात-आठ मिनिटं तो नुसता पडून होता. मग हनुवटी पाण्याला टेकवली, डोकं तसंच स्थिर, आणि जबड्यामागची कातडी नाडीसारखी हलायला लागली. आवाज नाही, जीभ नाही. घड्याळ लावलं तर चार मिनिटं सलग.

बैठक संपल्यावर पाणी ओतून देण्याआधी डब्याच्या तळाकडे बघावं. तिथे खसखशीएवढे काळे ठिपके होते, काही हलणारे. टिश्यूवर चिरडले की लालसर रेघ उठते. साप-माइट्स. हनुवटीच्या घडीत आणि डोळ्यांच्या कडेला भिंगातून बघितलं तर ओळीने बसलेले. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला उबदार जागेत साधारण दोन-तीन आठवडे लागतात आणि बहुतेक औषधं अंड्यांना मारत नाहीत. म्हणून एकदा फवारलं आणि संपलं, असं होत नाही. घरात दुसरे साप असतील तर नव्याचं काम सर्वांत शेवटी करायचं, चिमटे, भांडी, टॉवेल वेगळे, आणि काम झालं की कपडे थेट धुवायला. टिश्यू रोज बदलला, डबा दर तीन दिवसांनी गरम पाण्याने धुतला. औषध कुठलं आणि किती, हे मात्र डॉक्टरांवर सोडलं. कुत्र्या-मांजरांचे पिसवांवरचे स्प्रे अंदाजाने मारून अशक्त साप मेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

सरपटणाऱ्या प्राण्यांना तपासणारे डॉक्टर मिळायला नऊ दिवस लागले. फोनवर पहिला प्रश्न विचारायचा तो "साप बघता का" एवढाच नाही, तर "इंजेक्शन किती वजनाला किती, हे सापांसाठी ठरवता का" हा. जाताना साप कापडी पिशवीत, तोंडाला गाठ, पिशवी कडक डब्यात. सोबत पत्राची प्रत, फोटो, आणि नऊ दिवसांची वही. १९ जूनला वजन ३३१ ग्रॅम भरलं. वाढलेले १३ ग्रॅम सगळं पाणीच. पण कातडीची चिमूट सोडल्यावर ती आता लगेच बसत होती.

तपासणीत चार गोष्टी निघाल्या. खालच्या हिरडीवर चीजसारखा पांढरा पू. सापाचा पू वाहत नाही, घट्ट गोळा होतो, म्हणून तोंड उघडल्याशिवाय कळत नाही. पोटावरचा भाजल्याचा डाग, सुदैवाने वरवरचा. मलमार्ग सलाइनने धुऊन घेतलेल्या नमुन्यात गोलकृमींची अंडी. आणि क्रिप्टोस्पोरिडियमची, म्हणजे पोटातल्या एका सूक्ष्म परोपजीवीची शंका, म्हणून पीसीआर, म्हणजे जंतूचं डीएनए शोधणारी तपासणी. या शेवटच्याची सगळ्यांत जास्त धास्ती असते, कारण सापांतल्या या आजारावर खात्रीचा उपाय नाही आणि नेहमीच्या ब्लीचने तो मरतही नाही. निकाल बारा दिवसांनी आला, निगेटिव्ह. पण जंतू प्रत्येक वेळी बाहेर पडतोच असं नाही, तेव्हा एका निगेटिव्हवर विसंबायचं नाही, असं डॉक्टरांनी तिथेच बजावलं.

तोंडासाठी सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक, दर ७२ तासांनी, सात इंजेक्शनं. डॉक्टरांनी भरलेल्या सिरिंजा गोठवून दिल्या. एक काढायची, मुठीत धरून वितळवायची, टोचायची. जागा शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात, कण्याच्या बाजूच्या स्नायूत, कारण मागच्या भागातलं रक्त थेट मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. सुई खवल्यातून नाही, दोन खवल्यांच्या मधून, तिरकी. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि बाजू वहीत लिहायची, नाहीतर तिसऱ्या वेळी आठवत नाही. एकाने धरायचं, एकाने टोचायचं. या काळात ऊब ३० वर पक्की हवी. सापाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उबेवर चालते, गारठलेल्या सापात चांगलं औषधही वाया जातं. भाजल्यावर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, पातळ थर, रोज. कृमींचं औषध डॉक्टरांनी मुद्दाम लांबवलं: आधी दोन-तीन घास पोटात टिकू देत.

पहिला घास २४ जूनला ठेवला, ८ ग्रॅमचं उंदराचं पिल्लू, म्हणजे वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. फ्रीझरमधून आदल्या रात्री फ्रिजमध्ये, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात, बाहेरून साधारण ३८ अंश होईपर्यंत, आणि पोट दाबून बघायचं की आत बर्फाची गाठ नाही ना. मायक्रोवेव्ह नको, एकीकडे शिजतं, एकीकडे गोठलेलं राहतं. जिवंत उंदीर तर अजिबात नको. या सापाच्या मानेवर दातांचे जुने व्रण होते, खायला दिलेल्यानेच चावलेले. त्या रात्री त्याने तोंड लावलं नाही. सकाळी पिल्लू काढून टाकलं, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. २९ जूनला पुन्हा, दिवे मालवून, उबेच्या खोक्याच्या तोंडाशी ठेवून खोलीतून बाहेर. पंचेचाळीस मिनिटांनी टिश्यू रिकामा. त्या रात्री वहीत तारखेखाली दोन रेघा ओढल्या गेल्या, एवढं कबूल करायला हरकत नाही. पुढचं इंजेक्शन १ जुलैला होतं, खाल्ल्यानंतरचे ४८ तास हात लावायचा नाही या नियमात ते जेमतेम बसलं.

८ जुलैला ८ ग्रॅम, १५ जुलैला १२ ग्रॅम. दोन्ही पचले, विष्ठा घट्ट, सोबतचा पांढरा भाग खडूसारखा पण मऊ. १७ जुलैला शेवटचा माइट दिसला. सगळं सुरळीत चाललेलं, आणि २३ जुलैला ३५ ग्रॅमचा उंदीर दिला गेला. ३४० ग्रॅमच्या सापाला हा वजनाच्या दहा टक्के. धडधाकट साप दहा ते पंधरा टक्के सहज पचवतो, पुस्तकात हाच आकडा असतो. तो आकडा या सापाचा नव्हता. २६ जुलैला सकाळी डब्यात अर्धवट विरघळलेला, केस गेलेला उंदीर आणि वास. ऊब बरोबर होती, हात लावलेला नव्हता. घास मोठा होता, दुसरं कारण नाही.

ओकलेलं फेकायचं नाही. ते झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं, फ्रीझरमध्ये नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवलं. क्रिप्टोची दुसरी तपासणी त्यातूनच झाली, दहा दिवसांनी निगेटिव्ह. साप ओकतो तेव्हा नुसतं अन्न जात नाही, पोटातलं आम्ल आणि पचनाचे जंतूही जातात, अन्ननलिका भाजते. लगेच पुन्हा दिलं की पुन्हा ओकतो, आणि तिसऱ्या वेळी बरेचदा साप हातचा जातो. म्हणून दोन आठवडे नुसतं पाणी. हे सगळ्या प्रवासातले सर्वांत लांब पंधरा दिवस. वजन ३२९, मग ३२६. १० ऑगस्टला पुन्हा ८ ग्रॅमपासून सुरुवात, आणि या वेळी प्रत्येक माप दोनदा दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही असं ठरवून. कृमींचं औषध २४ ऑगस्टला, दुसरा डोस दोन आठवड्यांनी, दोन्ही त्या दिवशीच्या वजनावर. सप्टेंबरअखेर वजन ३५७.

मधल्या काळात कातीचं काम चालू होतं. जखमी साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो, याने पाच महिन्यांत चार टाकल्या. पहिली चिंध्यांनी निघाली. डोळे निळसर झाले की थंड बाजूला एक झाकणाचं खोकं ठेवायचं, आत ओलं शेवाळ, पिळल्यावर पाणी न गळणारं. उरलेले तुकडे ओल्या टॉवेलच्या घड्यांतून सापाला स्वतःहून सरकू दिलं की सुटतात. ओढायचे नाहीत. डोळ्यांवरचा थर तर नखाने, चिमट्याने, टेपने काढायच्या फंदात पडूच नये. त्याच्याखाली सापाची खरी पारदर्शक टोपी असते, ती निघाली की डोळा गेला. एक डोळा तिसऱ्या कातेला मोकळा झाला, दुसरा राहिला. शेपटीची कडी भिजवून भिजवून सुटली, पण टोक सेंटीमीटरभर वाळलेलंच होतं. डॉक्टर म्हणाले, राहू दे, आपोआप गळेल. ऑक्टोबरात गळलं.

१२ सप्टेंबरला टिश्यू बदलताना त्याने शेपटी डब्यावर वाजवली, मानेचा इंग्रजी एस केला आणि चिमट्यावर झडप घातली. त्यानंतरच्या प्रत्येक साफसफाईला घातली. घरी बघायला येणाऱ्यांना साप बिघडल्यासारखा वाटला. आता साप उचलायच्या आकडीच्या काठीने आधी पाठीवर हलकं टेकवायचं, म्हणजे त्याला कळतं की खाणं नाही, मग अंगाच्या मधल्या भागाखाली हात घालून उचलायचं. डोक्याकडून हात नेला तर चावतो, आणि चूक हाताची असते. चावला तर ओढू नका, दात मागे वळलेले असतात, मोडून आत राहतात. साबणाने धुवायचं. हात तसेही प्रत्येक वेळी धुवायचेच, साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू निरोगी सापाच्या अंगावरही असतो, आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये जाता कामा नयेत.

विलगीकरणाचे नव्वद दिवस ११ जूनपासून मोजले नाहीत, शेवटचा माइट दिसला त्या १७ जुलैपासून मोजले. १८ ऑक्टोबरला तो कायमच्या पेटीत गेला: १२० बाय ६० बाय ६०, वर जाळीच्या आड उबेचा दिवा, मनगटाएवढ्या जाड फांद्या, कारण ही जात चढणारी आहे. पेटी आधी तीन दिवस रिकामी चालवून सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलं. पहिल्याच दिवशी कळलं की वरच्या फांदीवर ३७ अंश चढतात. दिवा एक हात वर सरकवला नसता तर पोटानंतर पाठ भाजली असती. सरकत्या काचांना कुलूप हवंच, रॅट स्नेक नाकाने काच ढकलतो आणि बोट जाईल एवढी फट त्याला पुरते.

नोव्हेंबरअखेर ४५५ ग्रॅम. हिवाळ्यात हे साप खाणं कमी करतात आणि बरेच जण पेटी मुद्दाम थंड करतात. याला या वर्षी थंडी दिली नाही. डिसेंबरपासून दर दहा दिवसांनी ४५ ग्रॅमचा घास. क्रिप्टोची तिसरी तपासणी जानेवारीत, निगेटिव्ह.

२४ जानेवारीला वजन ५४१. त्याच सकाळी फांदीवर कात लटकलेली, पायमोज्यासारखी उलटी, तोंडापासून शेपटीपर्यंत सलग. कातेवरून सापाची लांबी मोजू नये, ती निघताना ताणली जाते. बघायचं ते फक्त डोकं. ते ओलं करून बोटावर पसरलं आणि दिव्यासमोर धरलं. थर डोळ्यावर राहिला असता तर तिथे भोक दिसलं असतं. दोन्हीकडे गोल, स्वच्छ, काचेच्या टिकलीसारखी टोपी होती, आणि डावीकडची उजवीपेक्षा जाड, एकाखाली एक चिकटलेले जुने थर घेऊन निघालेली.